44 अंशांच्या उन्हात गारा कुठून येतात?

ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत. चार दिवस नागपूरचा पारा 44 वर होता आणि आकाश कोरं होतं. पाचव्या दिवशी तो उलट 42 पर्यंत उतरला आणि त्याच दुपारी धूळ, वादळ, गारा. दोन्ही समुद्र पाचशे किलोमीटरच्या पलीकडे असताना हे पाणी आलं कुठून, हा पहिला प्रश्न. आणि "ऊन तापलं की पाऊस ओढला जातो" हे तुमच्या काटोलच्या सासऱ्यांचं म्हणणं कितपत खरं, हा दुसरा.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे पहिलं सोपं होईल. सासऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. तापलेली जमीन हवेला तापवते, ती हलकी होऊन वर चढते, इथपर्यंत उन्हाचं काम. पण वर गेलेल्या हवेत बाष्पच नसेल तर नुसती गरम हवा वर जाऊन विरते. म्हणून नागपुरात पाऊस कधी येणार हे ओळखायचं असेल तर पाऱ्यापेक्षा बाष्पाकडे लक्ष ठेवा, असं मी सगळ्यांनाच सांगतो.

आणि बाष्प मोजायचं यंत्र तुमच्या खिडकीलाच लावलेलं आहे: कूलर. कूलर हवा थंड करतो ते ताटीतल्या (बाजूच्या ओल्या गवती जाळीतल्या) पाण्याची वाफ करून, आणि हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त होते. 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या ताटीचा कूलर साधारण 27-28 अंशांची हवा देतो. 42 अंश आणि 30 टक्के आर्द्रता असेल तर तोच कूलर तीसच्या खाली यायला तयार नसतो, वर अंग चिकट होतं ते वेगळंच. म्हणजे बाहेर दोन अंश कमी, तरी घरात उकाडा जास्त. ताटी धुतलेली आहे, टाकीत पाणी आहे, पंप चालू आहे, आणि तरी दुपारी घरातले सगळे "आज कूलरचा गारवाच लागत नाही" म्हणायला लागले, की संध्याकाळकडे लक्ष ठेवायचं. तुमच्याकडे पाचव्या दिवशी हेच झालं असणार.

आता हेच आकाशात काय करतं ते पाहू. वर चढणारी हवा कमी दाबात जाते, प्रसरण पावते आणि त्यातच थंड होते, दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी. ती दवबिंदूपर्यंत, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तिथपर्यंत, थंड झाली की बाष्पाचे थेंब होतात आणि तिथे ढगाचा तळ दिसतो. त्याची उंची काढायला एक सोपा हिशेब आहे: तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला 125 मीटर. तुमच्या चार कोरड्या दिवसांत दवबिंदू 12 च्या आसपास असेल, तर ढग बनायला हवेला 4 किलोमीटर चढायला हवं होतं. पाचव्या दिवशी दवबिंदू 21 झाला असेल, तर साधारण 2.6 किलोमीटर पुरे. फरक मोठा आहे, कारण मेमध्ये त्या मधल्या उंचीवर बरेचदा वायव्येकडून आलेल्या गरम, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. तो असेपर्यंत खालची हवा वर जाऊ शकत नाही. खालून बाष्प आणि ऊन मिळून तो फोडतात, तेव्हा चार तासांत जे व्हायचं ते अर्ध्या तासात होतं.

बाष्प येतं बंगालच्या उपसागरातून. अरबी समुद्र नकाशावर फार लांब वाटत नाही, पण उन्हाळ्यात पश्चिमेकडचा वारा आपल्यापर्यंत पोचतो तो तापलेल्या पठारावरून, कोरडा होऊन. पूर्वेचा आणि आग्नेयेचा वारा आंध्र-तेलंगण, ओडिशा, छत्तीसगडवरून ओलावा घेऊन येतो. हे दोन वारे भेटतात ती रेषा बहुधा विदर्भातून मराठवाडा, कर्नाटकामार्गे दक्षिणेकडे जाते. बातम्यांत "वाऱ्यांची खंडितता" म्हणतात ती हीच. ती थोडी सरकली की एका रात्रीत नागपूरची हवा बदलते. तापमान उतरतं आणि पाऊस जवळ येतो, तो असा.

गारांकडे येऊ. बाष्पाचे थेंब होताना दर ग्रॅममागे सुमारे 600 कॅलरी उष्णता हवेतच सुटते. त्यामुळे ढगातली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम राहते आणि आणखी जोराने वर जाते, अगदी 15 किलोमीटरपर्यंत. मेमध्ये शून्य अंशांची पातळी सुमारे 5 किलोमीटरवर असते. तिच्या वर बरंच पाणी शून्याखाली जाऊनही द्रवच असतं आणि बर्फाच्या कणाला लागलं की लगेच गोठतं. वर जाणारा झोत जितका जोरदार, तितका वेळ तो कण वर तरंगत राहतो आणि गार मोठी होते. मेमध्ये पुढचे 5 किलोमीटर गरम हवेतून पडताना बऱ्याच गारा वाटेतच वितळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये शून्याची पातळी खाली असते आणि पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी प्रणाली) वरच्या थरात थंड हवा आणतो, म्हणून काटोल, नरखेड, वरुडच्या संत्र्याला खरा फटका तेव्हाचा असतो: झाडावर मृगाचं (पावसाळ्यातल्या बहराचं) फळ आणि त्याच वेळी आंबियाचा (हिवाळ्याअखेरचा) बहर, दोन्ही सापडतात.

आधी धूळ का येते, तर पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाफ होऊन तिला थंड करतो. ती जड हवा कोसळून जमिनीवर आपटते आणि सगळीकडे पसरते. पावसाआधी जो गार वारा दारं आपटतो तो हाच, आणि पारा 10-15 अंशांनी उतरतो तोही याच्यामुळे. असा एक ढग काही किलोमीटर रुंद आणि तासाभराच्या आयुष्याचा. म्हणून नागपुरातच सदरला रस्ते वाहतात आणि मनीषनगरला थेंब नाही. मोबाइलवरचा पावसाच्या शक्यतेचा 40 टक्क्यांचा आकडा सकाळी बघून दिवस ठरवू नका. दुपारनंतर हवामान खात्याच्या नागपूर रडारचं चित्र बघा, पुढच्या दोन-तीन तासांसाठी त्याच्याइतकं उपयोगी काही नाही.

सासऱ्यांना एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगा. नवतपा (मेअखेरचे नऊ तापते दिवस) तापला म्हणून पावसाळा चांगला जाईल असं नाही. मेच्या शेवटी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे ते दिवस तापणारच. मोसमी पाऊस किती पडेल हे प्रशांत महासागरातल्या एल निनोपासून उपसागरातल्या कमी दाबांपर्यंत बऱ्याच गोष्टींवर ठरतं. नऊ दिवसांच्या उन्हाकडे ते बळ नाही. अशा एका वादळी पावसावर कपाशी किंवा सोयाबीन पेरू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोलवर गेली की मगच पेरा. नाहीतर झाकण पुन्हा बसतं, दहा-बारा दिवस ऊन पडतं आणि दुबार पेरणीचा खर्च येतो.

आणि बागेत काम चालू असताना गडगडाट ऐकू आला, तर पाऊस सुरू व्हायची वाट न बघता माणसांना पक्क्या घरात आणा. वीज पावसाच्या पुढे काही किलोमीटरवरही पडते. संत्र्याच्या झाडाखाली किंवा पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. सासऱ्यांच्या मोबाइलवर 'दामिनी' अ‍ॅप घालून द्या, जवळपास वीज पडत असली की ते सूचना देतं.