‘निरोप्या’ म्हणजे निरोप देणारा की निरोप आणणारा?

प्रश्न असा आलाय की ‘निरोप्या’ नावाचं एक जुनं कॅथलिक मासिक आहे, पण निरोप तर आपण निघालेल्या माणसाला देतो, मग मासिकाला असं नाव का ठेवलं असेल? आणि दुसरं म्हणजे ‘निरोप्या आला’ म्हणायचं की ‘निरोप्या आलं’?

तर हा निरोप समारंभातला निरोप नाहीच, ‘मावशीला एवढा निरोप सांग’ मधला आहे. निरोप्या म्हणजे निरोप पोचवणारा माणूस. खबरवरून खबऱ्या होतो तसाच, फक्त खबऱ्याला हेरगिरीचा वास चिकटला आणि निरोप्या बिचारा साधासरळ राहिला.

एकाच शब्दाला दोन अर्थ कसे, तर जुन्या मराठीत निरोप म्हणजे आज्ञा, परवानगी असाही अर्थ होता. थोरामोठ्यांकडून जायची परवानगी मिळवायची, तिथून ‘निरोप घेणे’ आलं, आणि त्यांचं सांगणं तिसऱ्याकरवी पोचवायचं तोही निरोपच. आजही क्रियापदावरून बरंच कळतं, निरोप धाडला, ठेवला, कळवला म्हटलं की संदेशच, पण ‘निरोप दिला’ म्हटलं की मागचंपुढचं वाक्य बघावं लागतं. निरोप्या शब्दात मात्र ही भानगड नाही, तो संदेशवालाच.

आता मासिकाकडे येतो, कारण नावाची खरी गंमत तिथे आहे. हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय फादरांनी १९०३ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या केंदळ गावी ते सुरू केलं. येशूसंघ म्हणजे जेज्युइट, कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ, क्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स ह्याच संघाचे. १८४४ साली फ्रान्समध्ये ह्या संघाच्या फादर गोत्रले यांनी प्रार्थनेची एक चळवळ सुरू केली, मिशनवर जायला उतावीळ झालेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितलं की आत्ता आहात तिथूनच प्रार्थनेने मिशनचं काम करा. पुढे १८६१ मध्ये फादर रामिएर यांनी त्या चळवळीचं मासिक काढलं, नाव ‘मेसाजे’, म्हणजे येशूच्या हृदयाचा निरोप्या. मग इंग्रजीत मेसेंजर, स्पॅनिशमध्ये मेन्साहेरो, जर्मनमध्ये झेंडबोटं अशी ह्याच नावाची मासिकं देशोदेशी निघत गेली, आणि आपला निरोप्या त्याच भावकीतला.

मला ह्यात मराठी शब्दाची निवड फार आवडते. संदेशवाहक म्हटलं असतं तर सरकारी कागदासारखं वाटलं असतं, दूत म्हटलं असतं तर ख्रिस्ती वाचकाला आधी देवदूतच आठवला असता. त्याच नगर भागात प्रोटेस्टंट मिशनचं ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघत होतं, ते नाव चांगलंच आहे पण पुस्तकी, संस्कृत वळणाचं. निरोप्या हा शब्द न शिकलेल्या माणसालाही समजावून सांगावा लागत नाही, आणि मासिक खेड्यात सुरू झालेलं, तिथे ह्याहून चांगलं नाव मला तरी सुचत नाही. डोरिंग स्वतः १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले, पहिल्या महायुद्धामुळे जर्मन फादरांना इथून जावं लागलं, डोरिंग पुढे जपानात हिरोशिमाला जाऊन १९२७ मध्ये परत पुण्याला आले, पण त्यांनी लावलेलं मासिक चालूच राहिलं.

राहिला आला-आलंचा प्रश्न. नुसतं नाव घेतलं तर पुल्लिंगीच बोला, ‘ह्या महिन्याचा निरोप्या आला का?’, आणि पुढे मासिक शब्द जोडला की ‘निरोप्या मासिक आलं’. विभक्ती लावताना काही बदलायचं नाही, निरोप्याचा अंक, निरोप्यात छापलेला लेख. माणसांबद्दल बोलताना अनेकवचन लागलं तर वाटाड्याचं वाटाडे होतं तसं निरोप्याचं निरोपे.