चार मिनिटं मैदानात, छत्तीस मिनिटं बाहेर
वाचकांचे प्रश्न : मुलांचे खेळ

या महिन्यात आलेल्या पत्रांत सर, वस्ताद आणि कोच यांच्या जिंकण्याच्या ईर्ष्येबद्दल बरंच आहे. त्यातली चार पत्रं घेतली आहेत. सगळी मुलं तेरा वर्षांच्या आतली आहेत, आणि उत्तरंही त्याच वयाला धरून दिली आहेत.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, फुटबॉलला जातो. परवाच्या 40 मिनिटांच्या सामन्यात सरांनी त्याला शेवटची 4 मिनिटं उतरवलं. सर रेषेवरून सारखे ओरडत असतात, हरलं की सगळ्यांना मैदानाला दहा फेऱ्या. बोलावं तर उद्यापासून पोराला बाजूलाच बसवतील ही भीती. काय करावं?
– एक आई, शहापूर, बेळगाव

ताई, बोलायचंच आहे, पण आधी पंधरा दिवस वही ठेवा. प्रत्येक सामन्यात मुलगा किती मिनिटं खेळला, सरावाला सरांनी त्याला नावानं हाक मारून काही शिकवलं का, शिक्षा कशाबद्दल झाली आणि घरी आल्यावर तो जेवला-झोपला का, एवढ्याच चार नोंदी. ‘सर फार ओरडतात’ म्हटलं की सर ‘शिस्त नको का?’ म्हणतात आणि बोलणं तिथंच संपतं. ‘तीन सामन्यांत मिळून 11 मिनिटं’ म्हटलं की उत्तर द्यावं लागतं.

कडक सर आणि ईर्ष्येला पेटलेले सर वेगळे, हेही वहीतूनच कळतं. कडक सर उशिरा येण्याबद्दल, बुटाची नाडी सुटल्याबद्दल, मित्राला ढकलल्याबद्दल रागावतात, आणि जिंकल्याच्या दिवशीही तेवढेच रागावतात. अशा सरांना सोडू नका. दुसऱ्या प्रकारच्या सरांचा राग स्कोअरवर चालतो. पास चुकला, गोल खाल्ला की शिक्षा, आणि जिंकलं की बेशिस्तही चालते.

फेऱ्यांच्या शिक्षेचं नुकसान लगेच दिसत नाही. चुकलं की पळावं लागतं आणि आपल्यामुळं सगळ्यांना पळावं लागतं, हे मुलाच्या मनात बसलं की तो चेंडू मागणंच सोडतो. मैदानात नीट बघा, असं पोर नेमकं बचावपटूच्या आड जाऊन उभं राहतं, म्हणजे त्याच्याकडं पास येऊच नये. रेषेवरून ‘मार, सोड, डावीकडं’ असं सतत ओरडल्यानंही तेच होतं. नऊ वर्षांच्या मुलानं मान वर करून बघायचं, ठरवायचं आणि मग मारायचं, हे शिकण्याचं वय आहे. ठरवायचं काम सरच करून टाकतात, मग मूल चेंडूकडं न बघता सरांकडं बघत राहतं. कुंपणाबाहेरून बाबाही ओरडत असतील तर आधी त्यांना थांबवा. सरांना सांगण्याआधी आपल्या बाजूचा आवाज बंद झालेला बरा.

तुमचा मुलगा का बसवला जातो याचं एक कारण त्याच्या जन्मतारखेतही असू शकतं. वयोगट बहुतेक ठिकाणी 1 जानेवारीपासून मोजतात. म्हणजे एकाच गटात जानेवारीतलं आणि डिसेंबरातलं मूल एकत्र येतं, आणि नऊ वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, ताकद, वेग सगळ्यात फरक. जिंकायची घाई झालेले सर मोठ्या अंगाच्या मुलाला हुशार समजतात आणि त्यालाच खेळवतात. खेळायला जास्त मिळाल्यानं तो खरंच सुधारतो, आणि सरांना आपली निवड बरोबर होती असं वाटतं. वयात आल्यावर हा फरक बराच पुसला जातो, पण तोवर बाकावर बसलेल्यानं खेळ सोडलेला असतो. आम्हांला सगळ्यात जास्त काळजी याच मुलांची वाटते.

आता बोलायचं कसं. सामन्यानंतर मैदानात नाही, इतर पालकांसमोर नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर नाहीच. एक दिवस जाऊ द्या, मग फोन करून ‘सर, सरावानंतर दहा मिनिटं हवी होती’ म्हणून वेळ घ्या. मुलगा सोबत नको. सुरुवात अशी करा: ‘सर, त्याला तुमच्याकडंच शिकायचंय. घरी काय करून घेऊ ते सांगा. आणि प्रत्येक सामन्यात त्याला निदान 15-20 मिनिटं मिळतील असं जमवता येईल का?’ मागणी एकच ठेवा. ओरडणं, फेऱ्या, बाकावर बसणं असं सगळं एकदम काढलं की सर एकाही गोष्टीचं उत्तर देत नाहीत.

‘सगळ्यांना खेळवलं तर हरतो’ असं सर म्हणतील. त्यावर हा हिशेब कागदावर मांडून द्या. संघात 12 मुलं, मैदानात 7, सामना 40 मिनिटांचा. दहा-दहा मिनिटांचे चार भाग केले तर 28 जागा होतात. प्रत्येकाला दोन भाग दिले की 24 भरतात, उरलेल्या 4 जागा सरांनी हव्या त्या मुलांना द्याव्यात. सगळ्यात चांगला खेळाडू 30 मिनिटं खेळतो, सगळ्यात नवखा 20. प्रत्येक भागात दोन-तीन पक्की मुलं राहतील असं बसवलं की संघ ढासळत नाही. गोलकीपरही आळीपाळीनं करावा, या वयात कुणाला कायमचं गोलात उभं करणं चूकच.

तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर क्लब बदला. फीचे पैसे गेले तरी चालतील, पण हंगाम संपण्याची वाट बघत बसू नका. संघ शाळेचा असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, त्यानंतर बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिस. आपल्या बेळगाव जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. बेळगाव-खानापूरची तक्रार बेळगावच्या डीडीपीआयकडं (शिक्षण खात्याच्या उपसंचालकांकडं) जाते, निपाणी-चिकोडीची चिकोडीच्या. अर्जाची एक प्रत कन्नडमध्ये करून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. शाळेत मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नं बंदी आहे. खासगी अकादमीत मारहाण किंवा छळ झाला तर बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 लागू होऊ शकतं.

काही गोष्टींत मात्र सरांशी बोलणं, समजावणं काहीच नको. सर मुलाला एकटं घरी बोलावतात, रात्री वैयक्तिक मेसेज करतात, खेळाच्या नावाखाली नको तिथं हात लावतात असं कळलं, तर मुलाला उलटसुलट प्रश्न न विचारता थेट 1098 या बाल मदत क्रमांकाला किंवा पोलिसांना कळवा.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, तालमीत जातो. वजन 34 किलो. वस्ताद म्हणतात 32 च्या गटात उतरवू, तिथं नक्की जिंकतोय. दोन दिवस पाणी कमी आणि स्वेटर घालून पळवायचं. आमच्या घरात तालमीची परंपरा आहे, वस्तादांना नाही कसं म्हणायचं? आणि खुराक काय द्यावा?
– एक वडील, बेळगाव तालुका

नाहीच म्हणायचं, आणि आजच. दोन किलो म्हणजे तुमच्या मुलाच्या वजनाच्या जवळजवळ 6 टक्के. दोन दिवसांत चरबी जात नाही, जातं ते पाणी. अंगातलं पाणी वजनाच्या 2 टक्क्यांनी घटलं, म्हणजे त्याच्या बाबतीत साधारण 700 ग्रॅम, तरी दम लवकर लागतो, आणि त्याहून जास्त घटलं की पकडही सैल पडू शकते. म्हणजे 32 च्या गटात उतरणारा मुलगा त्याच्या रोजच्या ताकदीचा नसतोच. वर स्वेटर घातल्यानं घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे करणं जिवावर बेतू शकतं. शिवाय अकराव्या वर्षी वजन वाढणं म्हणजेच वाढ होणं. ते दाबून ठेवायचं वयच नाही.

वस्तादांचा मान ठेवून असं म्हणा: ‘वस्ताद, पोरगं तुमच्या हवाली आहे, पण याच्या वजनाला हात लावायचा नाही. वरच्या गटात हरला तरी चालेल, मी बोल लावणार नाही.’ शेवटचं वाक्य नक्की म्हणा. पुष्कळदा वस्तादांवर दडपण असतं ते वडील आणि गावकरी काय म्हणतील याचंच.

घरी एक साधा काटा ठेवा आणि सरावाआधी व सरावानंतर कोरड्या अंगानं वजन करा. जितकं घटलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या तीन-चार तासांत थोडं थोडं पाजायचं: 400 ग्रॅम घटलं तर 600 मिलिलिटर. फार घाम गेला असेल तर ओआरएस, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पुरं विरघळवून. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकू नका, प्रमाण बिघडलं की त्रास होतो. लघवी चहासारखी गडद दिसली तर त्या दिवशी सराव बंद. मूल बरळायला लागलं, चालताना झोकांड्या खाऊ लागलं किंवा अंग भट्टीसारखं तापलं, तर घाम असो नसो, सावलीत आडवं करा, कपडे काढा, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

खुराकाबद्दलही विचारलंय. दूध, अंडी, डाळ, भाकरी, केळी पुरेत. डब्यातली पावडर या वयाला नको.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा, वेगवान बॉलिंग करतो. कोच रोज नेटमध्ये 15-16 ओव्हर टाकायला लावतात. कंबर दुखते म्हटलं तर ‘नाटक करतोस’ म्हणतात.
– निपाणी

कंबर दुखत असताना बॉलिंग बंद, हे आधी. उजव्या हातानं टाकणाऱ्याला कमरेत डाव्या बाजूला दुखत असेल आणि मागं वाकल्यावर कळ वाढत असेल, तर मणक्याच्या हाडाला बारीक चीर जात असल्याची शंका घ्यावी लागते. साध्या एक्स-रेत ती सुरुवातीला बहुधा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पुन्हा टाकायला लावू नका. हाडांच्या डॉक्टरांना ‘हा वेगवान बॉलर आहे, रोज 90 चेंडू टाकतो’ हे आवर्जून सांगा.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं 13 वर्षांखालच्या वेगवान बॉलरला एका स्पेलला (एका दमात सलग) 5 आणि दिवसाला 10 ओव्हरची मर्यादा घातली आहे. सोबत शिफारस आहे की आठवड्यात चारच दिवस बॉलिंग, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. कोचना हे आकडे दाखवा. नेटमधले चेंडूही यातच मोजायचे. मोजायला मुलाच्याच खिशात सहा खडे द्या: ओव्हर झाली की एक खडा दुसऱ्या खिशात, पाच झाले की थांबायचं. सहावा खडा कोचनी आग्रह केला तरी काढायचा नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : आमच्या गावात मराठी शाळा. खो-खोचे नवे सर कन्नडच बोलतात. नात म्हणते, सर सारखे माझ्यावर ओरडतात. खरंच रागावतात की तिला कळत नाही?
– एक आजी, खानापूर तालुका

आजी, दोन्ही असू शकतं. ओडु म्हणजे पळ, निल्लु म्हणजे थांब, बा म्हणजे ये, बिडु म्हणजे सोड, मुंदे म्हणजे पुढं, हिंदे म्हणजे मागं, एडक्के डावीकडं, बलक्के उजवीकडं. हे आठ शब्द तिला अंगणात पळवत पळवत शिकवा. तुम्ही म्हणायचं, तिनं तसं करायचं, पाच-सात दिवसांत पाठ होतील. खो-खोच्या मैदानात लांबून दिलेली कुठलीही सूचना मोठ्या आवाजातच येते, आणि शब्द कळत नसला की तो राग वाटतो. शब्द कळू लागल्यावरही ती सरावाच्या दिवशी पोट दुखतंय म्हणू लागली, तर मग एक दिवस मैदानाच्या कडेला जाऊन बसा आणि सरांना ‘नमस्कारा’ म्हणून बोलायला सुरुवात करा. सोबत कन्नड येणारं शेजारचं कुणी असू द्या.