रात्री दहानंतर मुलांना बंदी? आधी तो आदेश दाखवायला सांगा

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून एका आईनं लिहिलंय:

‘माझा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. घर दोन खोल्यांचं, सासूबाई आजारी, म्हणून तो रात्री अभ्यासिकेत बसतो. मागच्या आठवड्यात पावणेबाराला दोन मित्रांबरोबर परत येताना गस्तीच्या पोलिसांनी अडवलं. अठराच्या आतल्यांना रात्री दहानंतर फिरायला बंदी आहे, असं म्हणून ठाण्यात नेलं. कान धरून उठाबशा काढायला लावल्या, माफीनामा लिहून घेतला, फोटो काढला. आम्हाला बोलावून सव्वा वाजता सोडलं. दुसऱ्या दिवशी तो फोटो आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. आता सोमवारी मुलाला घेऊन या आणि चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र द्या, असा निरोप आहे. टेक्सासला असणारे दीर म्हणतात, असा कायदा सगळीकडेच असतो. खरंच आहे का? मुलाला पुढे नोकरीत अडचण येईल का? मित्र सायकलवर होते, मुलगा स्कूटरवर. गाडी यांच्या नावावर आहे.’

ताई, सोमवार जवळ आलाय म्हणून आधी तेवढंच सांगतो: मुलाची सही कशावरही होऊ देऊ नका.

अठरा वर्षांखालच्यांनी ठरावीक वेळेनंतर रस्त्यावर दिसू नये, असा कायदा महाराष्ट्रात नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात रात्रीबद्दलचं एक कलम आहे, 122. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत शस्त्र घेऊन किंवा तोंड झाकून गुन्ह्याच्या इराद्यानं फिरणारा, घरफोडीची हत्यारं बाळगणारा, रस्त्यात रेंगाळणारा नामचीन चोर अशांसाठी ते आहे. दप्तरात फिजिक्सची वही घेऊन घरी निघालेला मुलगा त्यात कुठेच बसत नाही. संचारबंदी लावता येते, पण त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली लेखी आदेश लागतो. तो दंडाधिकाऱ्यानं काढायचा, त्यात कारण आणि मुदत असते, आणि एरवी तो दोन महिन्यांपुढे चालत नाही. डिसेंबर 2020 मध्ये करोनामुळे महापालिका क्षेत्रांत रात्री 11 ते सकाळी 6 अशी संचारबंदी होती, ती लेखी आदेशानंच, आणि ती वयावर नव्हती. ‘रात्री दहा’ हा आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय तो बहुधा लाउडस्पीकरच्या नियमामुळे. ती बंदी आवाजाला आहे, माणसांना नाही.

तुमचे दीर म्हणतात तसे नियम अमेरिकेत अनेक शहरांत आहेत. डॅलसनं 1991 साली सतरा वर्षांखालच्यांसाठी असा नियम केला आणि 1993 मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयानं तो वैध ठरवला. पण त्याच टेक्सासनं कायदा करून 1 सप्टेंबर 2023 पासून शहरांना असे नियम ठेवायलाच मनाई केली. दिरांना हे जरूर कळवा.

मध्यरात्री पोरगं दिसलं तर ‘कुठं चाललास, घर कुठं’ असं विचारणं हे पोलिसांचं कामच आहे. विचारावं, घरी फोन लावावा, दारापर्यंत सोडावं. असं करणारे पोलीस मी पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. उठाबशा मात्र कुठल्याच कायद्यात नाहीत. समजा, मुलावर खरोखरच काही आरोप असता, तरी बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ठरला असता. मग त्याला बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावं लागलं असतं, पालकांना लगेच कळवावं लागलं असतं, आणि त्याच्याकडून कबुली घेता आली नसती की जबाबावर सही मागता आली नसती. आरोप असलेल्या मुलाला एवढं संरक्षण आहे, आणि तुमच्या मुलावर तर आरोपच नाही. त्या माफीनाम्याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही.

आता हमीपत्र. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आहे, तोही नोटीस देऊन, बाजू ऐकून. ठाण्यात असं बंधपत्र घेता येत नाही. शिवाय बाल न्याय अधिनियमाचं कलम 22 सांगतं की मुलाविरुद्ध अशी कारवाई सुरूच करता येत नाही. सोमवारी मुलाला नेऊ नका. तुमच्या यजमानांनी एकट्यानं जावं आणि एक साधा अर्ज द्यावा: ‘हमीपत्र कोणत्या कायद्याखाली हवं आहे ते लेखी कळवावं.’ दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाणे अंमलदारासमोरून उठू नये. माझा अनुभव असा की शिक्क्याची पोहोच मागितली की निम्मी हमीपत्रं जागीच विरतात.

त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. दहानंतरच्या बंदीच्या आदेशाची प्रत मागा आणि त्या रात्रीची स्टेशन डायरीतली नोंद मागा. ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं म्हणून पोलीस अधीक्षकांना वेगळं पत्र द्या. डिसेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रीकरण शक्यतो अठरा महिने, निदान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे.

फोटोबद्दल वाचून मला खरंच वाईट वाटलं. उठाबशा मुलगा महिन्याभरात विसरेल, पण गल्लीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो कान धरून उभा आहे. चौकशीत सापडलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस म्हणतील, चौकशी नव्हतीच. मग पोराला दीड तास बसवलं कशासाठी, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. ग्रुपचा स्क्रीनशॉट नंबर आणि वेळेसकट आजच घ्या, मगच ॲडमिनला फोटो काढून टाकायला सांगा. ही तक्रार अधीक्षकांकडे आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे करा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

नोकरीची काळजी सोडा. गुन्हा नोंदलेला नाही, अटक नाही. पडताळणीत लिहावं लागेल असं काही घडलेलंच नाही.

आणि आता तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलेलं वाक्य. ताई, तुमची बाजू लंगडी पडते ती इथेच. सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येते, तीही परवाना असेल तर. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर 110 सीसीच्या आसपासच्या किंवा त्यापुढच्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. हे कलम रात्री जसं लागतं तसंच दुपारी बारालाही लागतं. त्या रात्री पोलिसांनी ते लावलं नाही. तुम्ही तक्रार केलीत की ते बाहेर निघू शकतं, हे यजमानांना आधी सांगून ठेवा.

तरीही तक्रार करावी असंच माझं मत आहे. फक्त स्कूटरची किल्ली आजपासून कपाटात ठेवा. अभ्यासिका लांब असेल तर मुलानं सायकलनं जावं, किंवा रात्री वडिलांनी आणायला जावं. खिशात कॉलेजचं ओळखपत्र आणि तुमचा नंबर लिहिलेला कागद असू द्या. पण या प्रकारामुळे त्याची अभ्यासिका बंद करू नका.