वाचकांचे प्रश्न : अपडेटनंतरचा कर्नेलचा आकडा

या वेळच्या पत्रांमध्ये बरीच पत्रं एकाच विषयाची निघाली. अपडेट झालं, पण कर्नेलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, पडद्यावर आलेल्या आकड्यांचं करायचं काय? सगळ्या कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. मशीनवर त्या रोमन छोट्या अक्षरांत टाइप कराव्यात, मोठी अक्षरं लागतील तिथे तसं सांगितलं आहे. ‘यूनेम’ म्हणजे यू, एन, ए, एम, ई; चालू कर्नेलची माहिती दाखवणारी कमांड.

प्रश्न : आमच्या क्लासच्या दोन मशीनवर उबुंटू २२.०४ आहे. अपडेटनंतर एकावर ‘यूनेम -ए’ दिलं तर ‘६.८.०-४५-जेनेरिक #४५~२२.०४.१-उबुंटू एसएमपी प्रीएम्प्ट_डायनॅमिक वेड सेप ११ १५:२५:०५ यूटीसी २’ असं येतं. दुसऱ्यावर आकडा ५.१५ ने सुरू होतो. सिस्टिम तीच असताना हा फरक का? आणि शेवटी तो नुसता ‘२’ कसला? — धरमपेठ, नागपूर

उत्तर : डावीकडून वाचत जाऊ. ६.८ ही लिनक्सची मूळ आवृत्ती. त्यापुढच्या शून्यावर विसंबू नका. उबुंटू ती जागा कायम शून्यच ठेवतं, मग आत स्थिर शाखेतले कितीही सुधार घेतलेले असोत. खरा मूळ आकडा ‘कॅट /प्रॉक/व्हर्जन_सिग्नेचर’ दिल्यावर ओळीच्या अगदी शेवटी मिळतो. तुमच्या या कर्नेलसाठी तो ६.८.१२ आहे.

पुढचा ४५ हा एबीआय क्रमांक, म्हणजे कर्नेल आणि त्याला जोडलेले ड्रायव्हर यांच्या जुळणीचा. बाहेरून जोडलेले ड्रायव्हर पुन्हा बांधावे लागतील असा बदल झाला की तो वाढतो. नंतर # लावून आलेला ४५ वेगळा आहे. तो त्या पॅकेजच्या अपलोडचा क्रमांक. हल्ली दोन्ही बहुतेक सारखेच दिसतात, त्यामुळे एकच गोष्ट दोनदा छापली आहे असं वाटतं. पण उबुंटू २०.०४ मध्ये ‘५.४.०-४२-जेनेरिक #४६-उबुंटू’ असं कर्नेल येऊन गेलं आहे. तिथे एबीआय ४२ आणि अपलोड ४६. एखाद्या कंपनीला बिघाड कळवताना पहिला आकडाच दिला तर नेमकं कोणतं बांधकाम ते कळत नाही. दोन्ही द्यावेत.

‘~२२.०४.१’ मध्ये तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. हे कर्नेल मुळात २४.०४ साठीचं. नव्या हार्डवेअरला आधार मिळावा म्हणून ते २२.०४ वर आणलेलं आहे, याला एचडब्ल्यूई म्हणतात. २२.०४ चं स्वतःचं कर्नेल ५.१५. डेस्कटॉप आवृत्ती टाकली की सहसा एचडब्ल्यूईची वाट मिळते आणि सर्व्हर आवृत्तीला मूळ ५.१५ ची. दुसरं मशीन बहुधा सर्व्हरच्या आयएसओवरून बसवलेलं असणार. त्यात दोष काही नाही, दोन्हींना सुरक्षेचे पॅच मिळत राहतात. पडताळायचं तर ‘डीपीकेजी -एल’ च्या यादीत ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४’ हे पॅकेज आहे का ते पाहा.

एसएमपी म्हणजे एकाहून अधिक प्रोसेसर-कोर चालवण्याची सोय. प्रीएम्प्ट_डायनॅमिक म्हणजे चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला वाव देण्याची पद्धत बूट होताना निवडता येते. हे दोन शब्द वाचून सोडून द्या. वेळ यूटीसीतली आहे, साडेपाच तास मिळवा म्हणजे आपली रात्रीची ८:५५ होते. ही वेळ कर्नेल तयार झाल्याची. तुमच्या मशीनवर ते कधी उतरलं त्याचा इथे काही संबंध नाही. ते हवं असेल तर ‘/व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग’ उघडा.

राहिला तो ‘२’. कर्नेलमध्ये या मजकुरासाठी ६४ अक्षरांचीच जागा आहे. ‘~२२.०४.१’ मुळे ओळ लांबली आणि २०२४ मधला पहिला अंक बसला, उरलेले तीन कापले गेले. मोजून पाहा, मशीनवरच्या रोमन ओळीत # पासून त्या २ पर्यंत बरोबर ६४ भरतात.

प्रश्न : कारखान्यातल्या सर्व्हरवर अपडेट बिनतक्रार पार पडलं. पॅकेजच्या यादीत नवं कर्नेल दिसतं, पण ‘यूनेम -आर’ जुनाच आकडा दाखवतं. अपडेट फसलं का? — बुटीबोरी

उत्तर : यूनेम फक्त या क्षणी मेमरीत चालू असलेल्या कर्नेलबद्दल बोलतं. डिस्कवर काय आलं आहे याची त्याला खबर नसते. त्यामुळे पहिला संशय साधाच, रीबूट झालेलं नाही. उबुंटू सर्व्हरवर ‘/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल असेल तर रीबूट बाकी आहे, आणि तिच्या जोडीच्या ‘.पीकेजीएस’ फाइलमध्ये ते कोणत्या पॅकेजमुळे हवं आहे ते लिहिलेलं असतं. लाल टोपीच्या घराण्यात, म्हणजे आरएचईएल, अल्मा, रॉकी यांवर ‘नीड्स-रीस्टार्टिंग -आर’ हेच सांगतं.

रीबूट करूनही जुनंच आलं तर ‘डीएफ -एच /बूट’ द्या. /बूट वेगळ्या विभाजनावर असेल तर ते भरणं हे फार जुनं दुखणं आहे. प्रत्येक कर्नेलसोबत इनिटरामएफएसची, म्हणजे बूट होताना सुरुवातीला लागणाऱ्या सामानाची, भली मोठी फाइल येते. जागा संपली की ती अर्धवट बनते आणि पॅकेज ‘डीपीकेजी -एल’ च्या यादीत ‘आयआय’ (नीट बसलेलं) ऐवजी ‘आयएफ’ किंवा ‘आययू’ अशा अर्धवट अवस्थेत अडकतं. अपडेटच्या ऐन मध्यावर वीज गेली तरी हीच गत होते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती कधी जाईल याचा नेम नसतो. सर्व्हर यूपीएसवर असेल तरच अपडेट सुरू करा. अडकलेलं सोडवायला आधी ‘एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ ने जुनी कर्नेल काढा, मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या. ऑटोरिमूव्हच अडून बसलं तर एखादं जुनं लिनक्स-इमेज पॅकेज ‘डीपीकेजी --पर्ज’ ने नाव देऊन काढा, मात्र ‘यूनेम -आर’ जे दाखवतंय त्याला हात लावू नका. /बूटमधल्या फाइली ‘आरएम’ ने उडवणं तर नकोच. पॅकेजची नोंद तशीच राहते आणि पुढच्या अपडेटला गोंधळ वाढतो.

यादीत ‘आरसी’ अशी खूण असलेली कर्नेल दिसली तर ती काढून टाकलेली आहेत, फक्त त्यांच्या सेटिंगच्या फाइली उरल्या आहेत. ती मोजून घाबरू नये.

जागा आहे, पॅकेजही ‘आयआय’ आहे, तरी जुनंच येतं? बूट होताना कोणतं कर्नेल घ्यायचं ते ग्रब ठरवतं. त्याच्या ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलीत ‘ग्रब_डीफॉल्ट’ ची ओळ पाहा. तिथे ‘सेव्ह्ड’ किंवा एखाद्या कर्नेलचं नाव असेल तर कोणीतरी कधीतरी अडचणीत जुनं कर्नेल निवडून ठेवलं आणि विसरून गेलं. ० करून ‘अपडेट-ग्रब’ चालवा.

दोन ठिकाणी मात्र या सगळ्याचा उपयोग नाही. कंटेनर, म्हणजे यजमान मशीनचं कर्नेल वापरणारी बंदिस्त जागा. तिथे यूनेम त्या मशीनचंच कर्नेल दाखवतं, आत कितीही अपडेट केलं तरी. आणि विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलचं कर्नेल मायक्रोसॉफ्टचं असतं. ते विंडोजच्या बाजूने ‘डब्ल्यूएसएल --अपडेट’ दिल्यावर बदलतं, एपीटीने नाही. लाइव्हपॅच (रीबूटविना चालू कर्नेलवर लागणारी दुरुस्ती) लावला असेल तर उलटी गंमत. भोक बुजतं, पण यूनेमचा आकडा जागचा हलत नाही. तिथे ‘कॅनॉनिकल-लाइव्हपॅच स्टेटस’ पाहावं.

प्रश्न : आर्च लिनक्स अपडेट केल्यापासून पेनड्राइव्ह लागत नाही. ड्राइव्ह ठीक आहे, दुसऱ्या मशीनवर चालतो. — मानेवाडा

उत्तर : रीबूट करा. आर्चमध्ये नवं कर्नेल आलं की जुन्याची मॉड्यूलं, म्हणजे गरजेनुसार जोडले जाणारे त्याचे भाग, डिस्कवरून जातात. चालू असलेलं जुनं कर्नेल पेनड्राइव्हसाठी ‘व्हीफॅट’ हे मॉड्यूल शोधतं आणि ‘/लिब/मॉड्यूल्स’ मध्ये आपल्या आकड्याचं फोल्डरच त्याला सापडत नाही. ‘यूनेम -आर’ आणि त्या फोल्डरचं नाव जुळवून पाहिलंत की खात्री पटेल.

प्रश्न : आमच्या कंपनीच्या सुरक्षा तपासणीत सर्व्हरवर ठपका आला : ‘कर्नेल ४.१८, कालबाह्य, तातडीने ६.x वर जा’. सर्व्हर अल्मा लिनक्स ८.१० आहे, अपडेट वेळच्या वेळी होतात. आकडा ‘४.१८.०-५५३.१६.१.ईएल८_१०.एक्स८६_६४’. काय उत्तर द्यावं? — हिंगणा एमआयडीसी

उत्तर : तपासणीच्या साधनाने पहिले दोनच आकडे वाचले आणि हात झटकले. मूळ ४.१८ ऑगस्ट २०१८ चं, हे खरं. पण या घराण्यात एका मोठ्या आवृत्तीचं कर्नेल जन्मभर त्याच पायावर उभं राहतं आणि नव्या कर्नेलमधल्या दुरुस्त्या मागे आणून त्यात शिवल्या जातात. वय बघायचं असेल तर ५५३.१६.१ कडे बघा. ५५३ म्हणजे ८.१० साठी ठरलेलं बांधकाम, त्यापुढचं १६.१ म्हणजे त्यानंतर आलेले सुधार, आणि ‘ईएल८_१०’ म्हणजे ते ८.१० च्या धारेतलं आहे याची खूण.

पुरावा म्हणून अहवालातला प्रत्येक सीव्हीई (जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा) क्रमांक घ्या आणि ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग कर्नेल-कोर-’ पुढे ‘यूनेम -आर’ चा आकडा लावून निघालेल्या मजकुरात ‘ग्रेप’ ने तो शोधा. सापडला तर ती ओळ उत्तराला जोडा. नाही सापडला तर मुख्य शक्यता दोन. एक, दुरुस्ती अजून आलेली नाही. दोन, तो दोष नंतरच्या कर्नेलमध्ये शिरला आणि ४.१८ ला लागूच नाही. याचा उलगडा वितरकाच्या सीव्हीई पानावर होतो. आकडा न लावता नुसतं ‘कर्नेल-कोर’ दिलंत तर बसवलेल्या सगळ्या कर्नेलचा इतिहास एकत्र येईल. पॅकेजं बसवणारं डीएनएफ साधारणपणे तीन कर्नेल ठेवतं. न चालणाऱ्या कर्नेलमधली दुरुस्ती पुरावा म्हणून दिली तर तपासणाऱ्याने ती फेटाळणं योग्यच. आणि ठपका पुसण्यासाठी त्या सर्व्हरवर बाहेरचं ६.x बसवू नका. हाताशी असलेला आधार जाईल आणि वर ड्रायव्हरची कटकट मागे लागेल.

प्रश्न : ५.४ वरून ५.१५ झालं. म्हणजे आम्ही मागे गेलो का? — इतवारी

उत्तर : नाही. हा दशांश नव्हे. बिंदूंनी वेगळे केलेले हे स्वतंत्र पूर्णांक आहेत, आणि १५ हे ४ पेक्षा मोठं. स्क्रिप्टमध्ये तुलना करायची असेल तर ‘सॉर्ट’ ला मोठ्या अक्षरातला ‘-व्ही’ लावा, नाहीतर तीही हीच चूक करते. पहिला आकडा बदलला म्हणजे क्रांती झाली असंही नाही. २.६.३९ नंतर २०११ मध्ये थेट ३.० आलं ते आकडे लांबत चालले म्हणून. विषम म्हणजे प्रायोगिक हा जुना नियम २.५ सोबतच संपला. तिसऱ्या आकड्याला मात्र एकदा खरीच अडचण आली. आतल्या हिशेबात त्याला २५५ पर्यंतच जागा होती आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ४.४ व ४.९ या शाखा २५६ वर पोहोचल्या. तेव्हापासून आतला हिशेब २५५ वर थांबवला जातो, नावातला आकडा पुढे चालू राहतो.

प्रश्न : फ्रीबीएसडीवर ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ चालवून रीबूटही केलं. तरी ‘यूनेम -आर’ चा ‘-पी’ (पॅचचा) आकडा जाहीर झालेल्यापेक्षा कमी आहे. — प्रतापनगर

उत्तर : बहुतेक सगळं ठीक आहे. तिथे कर्नेल आणि युजरलँड (कर्नेलबाहेरची सिस्टिमची मूळ साधनं) एकाच घरातून येतात, पण पॅच दोघांना लागेलच असं नाही. शेवटच्या पॅचने फक्त ओपनएसएसएचसारख्या भागाला हात लावला असेल तर कर्नेल पुन्हा बांधलं जात नाही आणि त्याचा आकडा मागेच राहतो. ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू’ द्या, तीन ओळी येतील : बसवलेलं कर्नेल, चालू कर्नेल, युजरलँड. तिसरी ओळ जाहीर आकड्याशी जुळली आणि पहिल्या दोन आपसात जुळल्या की झालं. पहिल्या दोन जुळत नसतील तर रीबूट बाकी आहे.

प्रश्न : मॅक १४.६ वरून १४.६.१ झाला, पण ‘यूनेम -आर’ २३.६.० च. — सिव्हिल लाइन्स

उत्तर : तो मॅकओएसच्या गाभ्याचा, म्हणजे डार्विनचा आकडा, मॅकओएसचा नव्हे. १४ साठी डार्विन २३. छोट्या सुधारात तो सहसा बदलत नाही. ‘एसडब्ल्यू_व्हर्स’ दिलंत तर बिल्ड २३जी८० वरून २३जी९३ झालेलं दिसेल.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी गिटवरून कर्नेल स्वतः बांधलं. आकड्याच्या शेवटी ‘+’ येतो, आणि आधी #७ होतं ते परवा अचानक #१ झालं. वाय-फायही गेलं. — अभियांत्रिकी विद्यार्थिनी, वर्धा रोड

उत्तर : ‘+’ म्हणजे तुझा सोर्स अधिकृत टॅगच्या नेमक्या जागी नाही, त्यावर आणखी कमिट (नोंदवलेले बदल) आहेत. तो नको असेल तर ‘मेक’ पुढे मोठ्या अक्षरांत ‘लोकलव्हर्जन=’ असं रिकामं दे. पण त्यापेक्षा तिथे ‘-प्रोजेक्ट१’ असं काही लिही, म्हणजे डिस्ट्रोचं आणि तुझं कर्नेल वेगळं ओळखू येईल. # चा आकडा त्या फोल्डरमधल्या ‘.व्हर्जन’ या फाइलीत साठतो आणि प्रत्येक बांधणीला एकाने वाढतो. ‘मेक एमआरप्रॉपर’ ने ती फाइल पुसली जाते, म्हणून #१.

वाय-फाय जाण्याचं कारण बहुधा हेच नाव. मॉड्यूलं ‘/लिब/मॉड्यूल्स’ मध्ये पूर्ण नावाच्या फोल्डरमधून उचलली जातात, ‘+’ सकट. नाव एका चिन्हाने बदललं तरी जुनं फोल्डर चालत नाही. आधी ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ आणि मग ‘मेक इन्स्टॉल’ याच क्रमाने दे. ड्रायव्हर डीकेएमएसमधून (नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारी सोय) आला असेल तर ‘डीकेएमएस स्टेटस’ मध्ये नव्या नावापुढे ‘इन्स्टॉल्ड’ आहे का पाहा. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल गुपचूप नाकारलं जातं. ‘एमओकेयूटिल --एसबी-स्टेट’ ने ते आधी तपास, आणि ‘डीमेसेज’ मध्ये ‘की’ किंवा ‘सिग्नेचर’ हे शब्द शोध.