कलम १०५ आणि मुंबईचे न्यायालय

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

युक्रेनवरील आक्रमणाविरुद्धचा ठराव फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत रशियाच्या नकाराधिकाराने बारगळला, तेव्हापासून आंतरराष्ट्रीय सहकार्यावरचा विश्वासच उडाला, असे तू लिहितेस. ज्याच्यावर शांतता राखण्याची जबाबदारी, त्यानेच आक्रमण करावे आणि ठरावही अडवावा, ही उणीव खरोखर मोठी आहे. ती झाकण्यात अर्थ नाही. मात्र त्या एका दालनावरून साऱ्या सहकार्याचा निवाडा करू नकोस.

१९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जहाज इंडोनेशियाहून निघताच चाच्यांनी पळवले. मालकी जपानी, निशाण पनामाचे, खलाशी बहुतेक फिलिपिनो. तराफ्यावर सोडून दिलेल्या त्या खलाशांना थाई मच्छीमारांनी वाचवले आणि जहाज अखेर भारताच्या नौदलाने व तटरक्षक दलाने पकडले. आरोपींना मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये शिक्षा ठोठावली, पण २००५ मध्ये ते उच्च न्यायालयातून सुटले. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराला भारताने १९९५ मध्येच मान्यता दिली होती, आणि खुल्या समुद्रावर चाच्यांना कोणत्याही राष्ट्राने पकडावे व त्याच्याच न्यायालयांनी शिक्षा ठरवावी, अशी मुभा त्याच्या कलम १०५ मध्ये आहे. परंतु आपल्या कायद्यात चाचेगिरीचा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. (माझे बालपण माझगावच्या चाळीत गेले, तिथे दर दोन घरांआड कोणीतरी बोटीवर नोकरीला असे, त्यामुळे ही सुटका मला फार लागली.)

चाचेगिरीविरोधी कायदा संसदेने मंजूर केला तो डिसेंबर २०२२ मध्ये. मार्च २०२४ मध्ये माल्टाचे निशाण असलेले ‘रुएन’ हे जहाज सोमाली चाच्यांकडून सोडवून, त्यावरच्या १७ खलाशांची सुटका करून, ‘आयएनएस कोलकाता’ने ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. या वेळी हाताशी कायदा होता. एडनच्या आखातात तर भारत, चीन आणि जपान यांच्या नौदलांनीसुद्धा, सीमेवरचे वाद कायम असताना, २०१२ पासून व्यापारी जहाजांना संरक्षण देण्याच्या फेऱ्यांचे वेळापत्रक आपसांत जुळवून घेतले.

म्हणून माझा सल्ला असा की, न्यूयॉर्कमधील भाषणे ऐकण्याआधी तू करार आणि देशांतर्गत कायदा यांमधली फट ओळखायला शीक. एखादी परकी भाषा नेटाने आत्मसात कर, कारण परदेशी साक्षीदाराचे म्हणणे न्यायाधीशांपर्यंत नीट पोहोचले नाही, तर उत्तम करारही कामी येत नाही. फोर्टातल्या सत्र न्यायालयात जाऊन एक-दोन सुनावण्या पूर्ण वेळ बसून ऐक. तूर्त कलम १०५ आणि २०२२ चा कायदा शेजारी ठेवून वाच, जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे खुणा कर, आणि तो कागद घेऊन येत्या रविवारी सकाळी माझ्याकडे ये.

तुझा हितचिंतक