भावाला ब्राऊन शुगर सोडवायला दिलेली जिभेखालची गोळी किती दिवसांत बंद करता येईल?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. भाऊ काही वर्षं पन्नीवर पावडर ओढत होता, आता मानसोपचार विभागातून ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन सुरू झालंय, ते कधी बंद होईल, हा एक. दुसरा तुम्ही कंसात टाकलाय: 'काका म्हणतात, एक नशा सोडवून दुसरी लावली.' मी ओएसटी केंद्रात, म्हणजे नशेच्या पावडरऐवजी डॉक्टरी देखरेखीखाली औषध देतात तिथे, औषध देणारी सिस्टर आहे आणि या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. तुमच्या काकांशी नाही, एकूणच काकालोकांशी. म्हणून आधी कंसातलं.

ब्राऊन शुगर म्हणजे भेसळीचं हेरॉइन. हेरॉइन मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरला, म्हणजे अफूसारखी औषधं जिथे चिकटतात त्या जागेला, पूर्ण चेतवतं आणि काही तासांत उतरतं. उतरलं की टर्की: नाक-डोळे गळणं, जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, पायांत असह्य ओढ. मग ती थांबवायला पुन्हा पन्नी. दिवसभर हेच. ब्युप्रेनॉर्फिन त्याच रिसेप्टरला जास्त घट्ट चिकटतं, पण अर्धवटच चेतवतं, आणि दिवसभर टिकतं. ठरावीक मात्रेच्या वर कितीही घेतलं तरी परिणाम फारसा वाढत नाही. ज्याला आधीपासून ओपिऑइडची सवय आहे, त्याला योग्य मात्रेवर किक बसत नाही. तो जेवतो, झोपतो, कामावर जातो. शरीर गोळीवर अवलंबून असतं हे खरंच आहे, कुणी नाकारत नाही. पण नुसतं अवलंबून असणं म्हणजे व्यसन नव्हे. व्यसनात माणूस आईचं मंगळसूत्र विकतो. गोळीवरचा माणूस रांगेत उभा राहून सही करतो.

काकालोकांचा पर्याय म्हणजे एकवीस दिवस कुठेतरी कोंडून अंग साफ करणं. अंग साफ होतं, त्यात शंका नाही. त्याबरोबर सहनशक्तीही जाते. बाहेर आल्यावर पोरगा जुन्या अड्ड्यावर जुनीच मात्रा मारतो, आणि आता तीच त्याचा श्वास थांबवायला पुरते. नुसत्या डिटॉक्सनंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे. फ्रान्सने 1995 नंतर साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मुभा दिली, आणि चारेक वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे 79 टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये मेथाडोन (याच उपचारातलं दुसरं औषध) आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. काकांनी ही यादी वाचावी. आणि साखळीने बांधून ठेवणारं 'केंद्र' कुणी सुचवलंच, तर मानसिक आरोग्य कायदा 2017 नुसार तो प्रकार सरळ बेकायदा आहे.

आता पहिल्या डोसबद्दल, कारण 'गोळीने त्रास वाढला' अशी जी बदनामी होते ती जवळजवळ सगळी इथूनच. प्रकार ठरलेला असतो. मुलगा सकाळी निघताना शेवटची ओढून येतो, डॉक्टरांना 'काल रात्री घेतली' असं सांगतो, कारण खरं सांगितलं तर परत पाठवतील अशी भीती. गोळी जिभेखाली जाते. ती जास्त घट्ट चिकटणारी, म्हणून हेरॉइनला रिसेप्टरवरून ढकलून देते आणि स्वतः अर्धवटच काम करते. अर्ध्या ते दीड तासात साध्या टर्कीपेक्षा वाईट टर्की एकदम आदळते: उलट्या, घाम, तगमग. मुलगा पळतो, पन्नी ओढतो, तिचाही असर होत नाही कारण जागा अडलेली. मग गल्लीभर सांगत सुटतो की सरकारी गोळी विष आहे. दोष गोळीचा नसतो, वेळेचा असतो.

म्हणून हेरॉइननंतर किमान 12 तास जाऊ द्यायचे. मेथाडोन घेत असेल तर 24 ते 72 तास. पण घड्याळापेक्षा अंगाकडे बघायचं: डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात का, काटा येतोय का, नाडी वाढलीय का, बोटं थरथरतायत का. आम्ही कॉज नावाच्या 11 मुद्द्यांच्या तक्त्यावर गुण देतो आणि साधारण 12 च्या वर गेल्याशिवाय पहिली गोळी देत नाही. घरच्यांना हे क्रौर्य वाटतं. 'पोरगा तडफडतोय आणि सिस्टर बसून राहिल्यात!' हो, बसून राहतो. सुरुवात 2 मिलिग्रॅमने, तास-दोन तास बघायचं, बिघडलं नाही तर आणखी 2 ते 4. पहिल्या दिवशी सहसा 8 च्या पुढे नाही. तरीही चुकून टर्की आदळलीच, तर पन्नीकडे धावायचं नाही, डॉक्टरांकडे परत यायचं. बहुतेकदा आणखी ब्युप्रेनॉर्फिन आणि उलटी-जुलाबाची औषधं देऊन काही तासांत माणूस सावरतो.

गोळी घेण्याची पद्धत चुकते तिथेही अर्धे डोस वाया जातात. ती गिळायची नसते. गिळली की यकृत पहिल्याच फेरीत बहुतेक औषध संपवतं. आधी घोटभर पाणी पिऊन तोंड ओलं करायचं, मग गोळी जिभेखाली, पूर्ण विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. तंबाखूचा बार किंवा विडी त्याआधी अर्धा तास बंद. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि तासभर दात घासायचे नाहीत, नाहीतर दात किडतात. आमच्याकडे, म्हणजे नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) केंद्रात, मुख्यतः सुई घेणारे येतात. त्यांना गोळी भरड कुटून समोर बसवून देतात, म्हणजे लवकर विरघळते आणि खिशातून बाहेर जात नाही. तुमच्या भावाची गोळी घरी न्यायची आहे, म्हणून तिच्यात नॅलोक्सोन घातलंय. जिभेखाली ते जवळजवळ शोषलं जात नाही. पण गोळी विरघळवून सुईने मारली तर टर्की लावतं. कुलूप आहे ते, उपचार नव्हे.

मात्रेबद्दल माझं मत कडक आहे: घरचे 'कमीत कमी द्या' म्हणतात आणि त्यातच सगळं बिघडतं. 2 मिलिग्रॅमवर पोरगा संध्याकाळपर्यंत कसाबसा टिकतो आणि रात्री पन्नी शोधतो. बहुतेकांना 8 ते 16 लागतात. मात्रा बरोबर असल्याची खूण साधी: सकाळी गोळीच्या आधी टर्की नाही, आणि पावडर ओढली तरी मजा येत नाही.

अचानक पुरेनाशी झाली तर टीबीची औषधं सुरू झालीत का ते विचारा. रिफाम्पिसिन यकृताला इतकं वेगवान करतं की एक-दोन आठवड्यांत तीच गोळी अपुरी पडायला लागते, मेथाडोन तर आणखीच. पोरगा 'गोळी खोटी दिली' म्हणतो, घरचे 'परत सुरू केलं' म्हणतात, आणि टीबीच्या डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिनबद्दल कुणी सांगितलेलंच नसतं. दोन्ही चिठ्ठ्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, दोन्हीकडे दाखवा.

आता तुमचा प्रश्न: किती दिवस? दिवसांत मोजूच नका. वर्षभर तरी, बऱ्याच जणांना त्याहून बराच जास्त काळ, काहींना कायमची. कमी करायची ती भावाची इच्छा असेल, हातात काम असेल आणि कित्येक महिने पावडरला शिवला नसेल तेव्हा. 'लग्न ठरलंय, आता बंद करा' हे कारण नव्हे, फक्त ते आम्हाला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. उतरवताना 2-2 मिलिग्रॅम, दर पायरीला काही आठवडे. 2 च्या खाली आल्यावर 0.4 च्या गोळ्यांनी, आणखी सावकाश, कारण शेवटचा तुकडाच सगळ्यात जड जातो. ओढ परत आली तर एक पायरी वर. यात हार नाही. पाच-सहा दिवसांहून जास्त खंड पडला तर जुनी मात्रा घरी आपणहून सुरू करू नका. मधे पावडर ओढली असेल तर वर सांगितलेली पहिल्या दिवसाची गोष्ट पुन्हा घडते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. दारू किंवा अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम अशा झोपेच्या-शांत करणाऱ्या गोळ्या यांबरोबर ही गोळी श्वास मंदावते. ब्युप्रेनॉर्फिनवरचे मृत्यू बहुतेक अशा मिश्रणाचेच. ओठ निळे, बाहुल्या टाचणीएवढ्या, घोरल्यासारखा तुटक श्वास दिसला तर कुशीवर वळवा आणि 108 लावा. नालट्रेक्सोन ही वेगळी गोळी, नाव जवळचं वाटतं म्हणून केमिस्टकडून आणून देऊ नका. ओपिऑइड बंद होऊन 7 ते 10 दिवस, आणि ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन असेल तर दोन आठवड्यांपर्यंत, झाल्याशिवाय ती दिली तर रुग्णालय गाठावं लागेल. अपघात, दात काढणं, ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना गोळीबद्दल सांगा आणि ट्रामाडोल हे वेदनाशामक टाळायला सांगा. बद्धकोष्ठाला इसबगोल. ब्युप्रेनॉर्फिन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतं, दर दुकानात मिळत नाही, तेव्हा गावी जाताना हिशेबाने न्या आणि चिठ्ठी सोबत ठेवा. घरात लहान मूल असेल तर डबा कुलपात. मोठ्याला जी गोळी सहज पचते ती पोराच्या तोंडात गेली तर जिवावर बेतते.

मी डॉक्टर नाही, मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची. जवळचं केंद्र माहीत नसेल तर 14446 वर फोन करा, मोफत आहे. आणि पुढच्या वेळी काकांनाही बरोबर न्या, समुपदेशकासमोर बसवा. काकालोक माझं ऐकत नाहीत.