जहाजावर रात्री यंत्रे काढल्यानंतर काय?

प्रश्न : मी परभणीची सेवानिवृत्त शिक्षिका असून माझे वय ६७ आहे. तीन वर्षांपासून दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावते. मुलाने मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या क्रूझचे आरक्षण केले आहे. समुद्राच्या हवेने यंत्रे बिघडतील आणि कर्ण्यावरच्या सूचना कळणार नाहीत, अशी धास्ती वाटते. ‘मी सोबत आहे, जहाजावर कुणाला सांगायची गरज नाही,’ असे मुलगा म्हणतो. काय करावे?

उत्तर : आपण अवश्य जावे; मात्र मुलाचे हे एक म्हणणे मान्य करू नये. दिवसा तो शेजारी असेल, पण रात्री यंत्रे काढून आपण झोपलात आणि तो दुसऱ्या केबिनमध्ये असला, तर धोक्याचा इशारा आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही. हा इशारा म्हणजे भोंग्याचे सात किंवा अधिक छोटे आणि त्यानंतर एक लांब आवाज. म्हणून जहाज कंपनीला आताच लेखी कळवावे आणि चमकणारा दिवा किंवा उशीखाली थरथरणारा गजर केबिनमध्ये मिळेल का, हे विचारावे. नकार आल्यास मुलाने आपल्याच केबिनमध्ये झोपावे. ऐकू न येणे लपवण्याची सवय आपल्याकडे घराघरांत आहे, पण समुद्रावर ती जिवावर बेतू शकते.

जहाजावर चढल्यानंतरच्या सुरक्षा कवायतीत पुढे उभे राहून कर्मचाऱ्याचे ओठ दिसतील असे पाहावे. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज कलंडले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत व्हायची होती. त्यानंतर २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

आता दमट हवेविषयी. परभणीच्या कोरड्या हवेत जो त्रास जाणवत नाही, तो तिथे दोन दिवसांत जाणवू शकतो. आपल्या यंत्राला पारदर्शक नळी असेल, तर ती रोज रात्री उजेडासमोर धरून पाहावी. आत मोहरीएवढा थेंब साचला तरी आवाज तुटक येतो. यंत्रे सिलिका जेलच्या डबीत ठेवावीत, पण सेल आधी काढावेत, कारण बारीक छिद्रांतून हवा घेऊन चालणारे हे सेल त्या डबीत सुकतात. नव्या सेलचा कागद सोलल्यावर एक-दोन मिनिटे थांबून मगच तो बसवावा. जादा सेल हातातल्या पिशवीतच असू द्यावेत.

किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान होडीत पाणी उडते, तेव्हा यंत्रे घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावीत. यंत्र जलरोधक आहे, असे विक्रेत्याने सांगितले असले तरी ती चाचणी गोड्या पाण्यात झालेली असते. खारे पाणी लागलेच तर सेल काढून मऊ कापडाने टिपावे. उन्हात ठेवू नये, केस वाळवण्याचे यंत्रही वापरू नये.

जेवताना गोंगाट पाठीमागे आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड राहील अशी जागा मागून घ्यावी.

मुंबईला देवगिरी एक्स्प्रेसने रात्रीच्या प्रवासाने जाणार असाल, तर तिथेच सराव करून पाहावा : दिवे मालवण्यापूर्वी डबी उशाशी एका ठरलेल्या जागी ठेवावी आणि अंधारात केवळ हाताने चाचपून ती सापडते का, हे पाहावे.